दिगूसाठी लावलेला माईक

माझं नाव मायकल आणि धंदा माईक-स्पीकरचा, त्यामुळे नवीन ओळख झाली की लोक आधी हसतात आणि मग बोलतात. धंदा वडिलांपासूनचा. आगाशीत गोडाऊन, एक टेम्पो, आणि लग्न, सण, क्रिकेटच्या टुर्नामेंट, निवडणुका, सगळीकडे मिक्सरच्या मागे मी. माणूस माईकसमोर उभा राहिला की घरात कधी बोलणार नाही ते बोलून जातो, आणि ते सगळ्यात आधी माझ्या हेडफोनमध्ये येतं. मग किस्से साठतात. वायरी गुंडाळून टेम्पोत टाकता येतात, किस्से कुठे टाकणार?

पण गेल्या वर्षीसारखा सीझन मी आयुष्यात पाहिला नाही. ना गाणी, ना वरात, तरी प्रत्येक कार्यक्रमाहून घरी आल्यावर इतकी बडबड करायचो की बायको म्हणायची, "आता तुझा पण आवाज कमी कर."

झालं असं. वालीवला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करणारा दिगंबर नावाचा तरुण मुलगा होता. सगळे त्याला दिगू म्हणायचे. कारखान्यातून तांब्याची वायर चोरीला गेली म्हणून पोलिसांनी त्याला संध्याकाळी चौकशीला नेलं, आणि रात्री ठाण्यातून घरी पाठवलेल्या त्याच्या आईला सकाळी निरोप आला की तुमचा मुलगा गेला. छातीत दुखायला लागलं होतं म्हणे. आईने दवाखान्यात चादर बाजूला केली आणि पाठीवरचे वळ बघितले.

त्यानंतर अख्ख्या वसई-विरारला दुसरा विषय नव्हता. रिक्षात, मासळी बाजारात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, चर्चच्या पायऱ्यांवर एकच वाद. पोलिसांना जाब विचारायचा का, आणि विचारायचा तर कोणी? वसई कोर्टात वकिली करणाऱ्या शुभदा मॅडमनी ठरवलं की हा वाद कुजबुजत नको, माईकवर होऊ दे. गावोगावी जाहीर सभा घ्यायच्या, कोणीही यावं, कुठल्याही बाजूने बोलावं. त्यांनी मला फोन केला. मी हो म्हटलं तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "पोलिसांच्या विरोधात माईक लावतोस? उद्या वरातीला परवानगी कोण देणार?"

प्रश्न अगदी बरोबर होता. तरी गेलो.

* * *

पहिली गंमत परवानगीचीच. स्पीकर लावायचा तर परवानगी पोलीस ठाण्यातून घ्यावी लागते, मग सभा पोलिसांबद्दल का असेना. मी आणि शुभदा मॅडम गेलो. टेबलामागचे साहेब तरुण होते, बोलायला चांगले.

"विषय काय लिहू?"

मॅडम म्हणाल्या, "कोठडीतला मृत्यू आणि पोलिसांची जबाबदारी."

साहेबांचं पेन थांबलं. ते मॅडमकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी पंख्याकडे बघत होतो.

"मॅडम, विषय जरा मोठा होतोय. थोडा लहान करता येईल?"

"येईल ना," मॅडम म्हणाल्या. "नुसतं 'जबाबदारी' लिहा."

साहेबांनी पहिला विषयच पूर्ण लिहिला. सही करताना म्हणाले, "आवाज मर्यादेत ठेवा फक्त."

मॅडमनी कागद पर्समध्ये घातला. "काळजी करू नका. इथपर्यंत ऐकू येईल एवढाच ठेवू."

बाहेर आलो. मॅडमना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, "वाटली. म्हणून तर तुला बरोबर घेतलं. मला वाटलं तू काहीतरी बोलशील."

* * *

पहिली सभा आमच्याकडच्या चर्चच्या हॉलमध्ये. फादरनी किल्ली दिली आणि सांगितलं, "खुर्च्या लावून ठेवा, लोक येतील." आले की! खुर्च्या संपल्या, खिडक्यांतही माणसं. पण बोलायला कोणी तयार नाही. मी फिरता माईक पहिल्या रांगेत दिला. पहिल्याने दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला, असा गरम पातेल्यासारखा हातोहात फिरत तो माईक अख्ख्या हॉलची प्रदक्षिणा करून परत माझ्या हातात आला. त्यात एक शब्द पडला नव्हता.

शेवटी मागून एक गृहस्थ खाकरले. "नाव सांगायलाच पाहिजे का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

झालं, बांध फुटला. माझ्या भाच्याला रात्रभर बसवलं होतं. माझ्या दुकानात येऊन शिवीगाळ केली. दुसऱ्या बाजूचेही बोलले: आमच्याकडे घरफोडी झाली तेव्हा पोलिसांनीच दागिने परत आणून दिले, सगळ्यांना एका मापाने मोजू नका. एकानेही नाव सांगितलं नाही. "मी एक नागरिक", "मी एक गृहिणी", "मी एक रिक्षावाला". मॅडम सगळ्यांचे आभार मानत होत्या, "धन्यवाद नागरिक, धन्यवाद गृहिणी."

मग कडेच्या खुर्चीवरून एक बाई उठल्या. बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर, बोलणं घाटावरचं. माईक कसा धरायचा ते मी दाखवलं.

"माझं नाव सुमन," त्या म्हणाल्या. "दिगूची आई. त्याचं नाव तर सगळ्या पेपरात आलंय. माझं झाकून काय करू?"

आणि बसल्या. तेवढंच बोलल्या. त्यानंतर जो उभा राहिला त्याने आधी नाव सांगितलं, मग आडनाव, मग गाव, आणि बसताना बिल्डिंगचा पत्तासुद्धा.

* * *

आता जाधवांचं सांगतो. प्रत्येक सभेला साध्या कपड्यातला एक माणूस पहिल्या रांगेत बसायचा आणि मोबाईलवर सगळं रेकॉर्ड करायचा. साध्या कपड्यातला म्हणजे काय, कापलेल्या केसांवरूनच पोलीस आहे ते कळायचं. सभेत कोण काय बोलतो याचा रिपोर्ट वर द्यायची त्यांची ड्युटी. सुरुवातीला त्यांच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या.

तिसऱ्या का चौथ्या सभेला ते माझ्याकडे आले. "मायकलभाई, एक काम होतं. मोबाईलवर नुसता घुमतोय आवाज. साहेब म्हणतात काही कळत नाही, तू तिथे करतोस काय? तुमच्या मिक्सरमधून डायरेक्ट लाईन मिळेल का?"

मी मॅडमकडे गेलो. मला वाटलं भडकणार. त्या म्हणाल्या, "दे. सगळ्यात चांगली वायर दे. एकही शब्द तिकडे चुकीचा पोचता कामा नये."

त्या दिवसापासून आमच्या सभांचं सगळ्यात क्लिअर रेकॉर्डिंग पोलिसांकडे आहे!

पण खरी मजा पुढे. सभा भरवायला मॅडमनी एक समिती केली होती, तिच्यात एक प्राध्यापक होते, विद्वान माणूस, पण बोलता बोलता मुद्दा हरवायचा. एका सभेत ते ब्रिटिशांच्या काळापासून निघाले आणि मध्येच थांबले. कपाळ चोळू लागले. "मी काय सांगत होतो..."  कोणालाच आठवेना.

पहिल्या रांगेतून जाधव हळूच म्हणाले, "सर, मागच्या वेळी इथून तुम्ही सीसीटीव्हीवर गेला होता."

हॉल इतका हसला की माझ्या मिक्सरचे सगळे दिवे लाल झाले. प्राध्यापकांनी जाधवांना हात जोडले आणि सीसीटीव्हीवर गेले. त्यानंतर जाधवांच्या शेजारची खुर्ची कधी रिकामी राहिली नाही.

* * *

पाचूबंदरची सभा होड्या आल्यावर, संध्याकाळी. मासळीच्या टोपल्या बाजूला सारून लोक बसले. इथे भीती-बिती काही नाही. माझा माईक लागायच्या आधीच भांडण सुरू.

एक वयस्कर नाखवा उभा राहिला. दोन होड्यांचा मालक, गावात वजन. "मी उघड बोलतो," तो म्हणाला. "चोर तो चोर. पोलिसांनी हात नाय उचलायचा तर काय त्याची आरती करायची? आमची जाळी चोरीला जातात. तवा आमालाच म्हायती."

बऱ्याच माना हलल्या. टाळ्याही पडल्या. शुभदा मॅडम उत्तर द्यायला उठल्या, तेवढ्यात तिथल्या मासळीवाल्या बायकांमधून फिलोमिना मावशींनी माझ्या हातातला माईक घेतला. मागितला नाही, घेतला.

"नाखवा, तुझं जालं गेलतं ते कंदी?"

"झालं वरीस."

"तवा पोलिसांना तू कोनाचं नाव दिलंस?"

नाखव्याने मान वळवून भिंतीकडे बघितलं. मावशी थांबून राहिल्या. हेडफोनमध्ये मला फक्त वारा ऐकू येत होता.

"माज्या भावाचं," नाखवा म्हणाला. "आमचं भांडन होतं तवा."

"आनि जालं कुठं गावलं?"

"खाडीत. खुंटाला अडकून होतं."

मावशी म्हणाल्या, "तुझा भाव वाचला, कारन त्या टायमाला ठान्यात ओलखीचा मानूस होता. या बाईच्या पोराला ओलखीचं कोन होतं?" आणि त्यांनी सुमनताईंकडे हात केला.

कोणी टाळी वाजवली नाही.  दिगूच्या मृत्यूची चौकशी व्हावी या निवेदनावर सह्या घ्यायला आमची मुलं फिरत होती, त्यांना नाखव्याने हाक मारली. "इकडं आन. माजी पैली घे." सही करून तो वळला. मला वाटलं आता भाषण करणार. तो लोकांच्या मधून वाट काढत पलीकडे गेला, भिंतीला टेकून बसलेल्या भावाच्या शेजारी जाऊन बसला. सभा संपेपर्यंत दोघं तिथेच बसले.

* * *

विरारच्या एका मोठ्या सोसायटीत कदमकाकांची सभा झाली. कदमकाका म्हणजे पोलीस खात्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. सोसायटीत दोन तट. सेक्रेटरी म्हणत होते, "आपण फ्लॅटवाली माणसं, आपला काय संबंध?" तरुण मंडळी म्हणत होती, संबंध आहे. शेवटी ठरलं, कदमकाकांना बोलवा, ते पोलिसांची बाजू मांडतील, म्हणजे बॅलन्स होईल.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. माईकसमोर ताठ उभे राहिले, जणू परेडला.

"मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या सीनियरने एक गोष्ट शिकवली," ते म्हणाले. "कोठडीतला माणूस खोकला तरी उठून बघायचं. त्याच्या घरच्यांनी त्याला आपल्या ताब्यात दिलेलं नसतं, आपण घेतलेलं असतं. तो जसा आत आला तसा बाहेर गेला पाहिजे. नाही गेला, तर उत्तर आपण द्यायचं. दुसऱ्या कोणी नाही."

सेक्रेटरी चुळबुळले. एका मुलाने विचारलं, "काका, म्हणजे तुम्ही आमच्या बाजूने की पोलिसांच्या?"

"पोलिसांच्या," काका म्हणाले. "म्हणून तर आलो. चार जणांमुळे माझ्या नातवाला शाळेत ऐकून घ्यावं लागतं."

दुसऱ्या दिवशी काकांना रिटायर्ड पोलिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकलं. ते फार नाराज झाले, सकाळी फोन घेऊन नुसतेच बसायचे. पण आठवडाभरात त्या ग्रुपमधून आणखी काही जण आपणहून बाहेर पडले आणि एकेक करून काकांच्या घरी चहाला येऊ लागले. काकू मला म्हणाल्या, "त्या ग्रुपवर आता नुसतं गुड मॉर्निंग उरलंय. बाकी सगळा ग्रुप माझ्या हॉलमध्ये आहे."

* * *

वालीवला मात्र हसू आलं नाही. कामगारांना साप्ताहिक सुट्टी होती, कारखान्याच्या रस्त्यावर सतरंज्या टाकल्या होत्या. बरेच जण उत्तर प्रदेशचे, मराठी कळतं पण पूर्ण नाही. म्हणून सुमनताईंचं बोलणं हिंदीत सांगायला दिगूच्या शेजारच्या मशीनवरचा शिवपूजन उभा राहिला.

ताई एक वाक्य बोलायच्या, तो हिंदीत सांगायचा. माझा मुलगा कामावरून घरी आला नव्हता. मी ठाण्यात गेले. मला बाहेर बसवलं. आतून आवाज येत होता.

इथे शिवपूजन थांबला. माईक तोंडाशी तसाच. मग म्हणाला, "मेरे बेटे की आवाज आ रही थी," आणि पुढे त्याला बोलताच येईना. 

सुमनताईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. "आता तूच सांग बाबा," त्या म्हणाल्या. "तुला बी म्हाईत हाय सगळं. मी उभी राहते हितं."

आणि त्याने सांगितलं. दिगू कसा होता, मशीनवर डाय, म्हणजे साचा, कसा हातोहात बसवायचा, डबा कसा वाटून खायचा, शेठशी ओव्हरटाईमवरून कसा भांडायचा, सगळं त्याच्या गावाकडच्या बोलीत. ताई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यातलं त्यांना किती कळत होतं देव जाणे, पण मान बरोबर जागी हलत होती.

* * *

आता शेवटचा किस्सा.

शेवटची मोठी सभा वसईत. तोवर एवढा गाजावाजा झाला होता की पोलिसांचे मोठे साहेब स्वतः आले. ते नीट बोलले. त्या रात्रीच्या काही जणांना निलंबित केलंय, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी चालू आहे, विश्वास ठेवा. कोणीतरी विचारलं, कॅमेऱ्यात काय दिसतं? साहेब म्हणाले, कॅमेरा बंद होता. लोक उसळले. साहेबांना पुढचा कार्यक्रम होता, ते गेले. मॅडम चिडून मला म्हणाल्या, "संपलं. कॅमेरा बंद, आत जे होते ते सगळे त्यांचेच. बघितलं कोणी?"

सुमनताई पुढच्या बाकावर होत्या. त्यांच्या शेजारी सुरुवातीपासून एक कोळीण बसली होती. आम्हाला वाटलं ताईंच्या ओळखीची, ताईंना वाटलं समितीतली. दोघींचं एका बाटलीतून पाणी पिऊन झालं होतं.

मॅडमनी विचारलं, "अजून कोणाला बोलायचंय?"

ती बाई उठली. मी माईक नेला.

"मी हिराबाय. अर्नाळ्याची. मी त्याची आय."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मॅडम हळूच म्हणाल्या, "कोणाची, ताई?"

"त्या रातीला जो ठान्यात पहाऱ्याला होता, त्याची. माज्या पोरानं मारलं नाय. पन त्यानं बघितलंय. त्या दिसापासून घरात कोनाशी बोलत नाय. मी त्याला सांगितलंय, जे बघितलं ते जाऊन सांग. नोकरी गेली तर होडी हाय." तिने माईक माझ्या हातात दिला आणि हॉलकडे वळली. "तो येनार हाय कोर्टात. त्याला कोन काय बोलू नका. येवढंच सांगायला आले."

 पहिल्या रांगेत जाधव मोबाईल हातात धरून बसले होते, पण बघत होते जमिनीकडे. हिराबाय परत बाकाकडे गेली आणि उभीच राहिली. बसावं की नाही तिला कळेना. सुमनताईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकल्या. ती बसली.

तो मुलगा खरंच आला. आम्ही सगळे कोर्टाच्या आवारात होतो, समिती, कदमकाका, फिलोमिना मावशी, शिवपूजन. साध्या कपड्यात, दाढी वाढलेली, कोणाकडे न बघता तो आत गेला. त्याचा जबाब बराच वेळ चालला. त्याने नावं घेतली. त्याच जबाबावर पुढे गुन्हा दाखल झाला, अटक झाली, आणि खटला आता उभा राहतोय. पण ते सगळं नंतरचं. तेव्हा आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा झाडाखाली दोघी आया शेजारी शेजारी बसल्या होत्या. तो आईजवळ आला आणि मग त्याला सुमनताई दिसल्या. तो तिथेच थांबला. मी दोन हातांवर होतो. त्यांच्यापर्यंत जायची कोणाची हिंमत झाली नाही.

सुमनताईंनी त्याला नीट बघून घेतलं. "दिगू तुझ्याशी बोलला का रं काय?"

त्याने मान डोलावली.

"काय म्हनला?"

मुलगा आईकडे बघायला लागला. हिराबाय म्हणाली, "सांग."

"मला म्हणाला, सकाळी सोडतील ना? मशीनवर डाय अर्धी बसवून आलोय. म्हणे, शिवपूजनला काही जमत नाही त्यातलं, उगाच हात घालेल आणि सगळं बिघडवून ठेवेल."

सुमनताई त्याच्याकडे बघत राहिल्या. आणि मग हसल्या. ओठातल्या ओठात नाही, मोकळं, मोठ्याने, पदर तोंडाला लावून. हसता हसता त्यांनी वळून शिवपूजनला हाक मारली. "ऐकलंस का रं? ये हिकडं, ऐक तुझ्याबद्दल काय म्हनत होता."

आवारातली माणसं थांबून बघायला लागली. हिराबायलाही हसू आलं. शिवपूजन डोळे पुसत पुढे आला, आणि तो पोलीस त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.